मोडलेल्या जहाजावरच्या भावास

११ जून

धाकट्या,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण. माणसाने अठरा वर्षांनी बहिणीला पत्र लिहावं आणि त्याचं पहिलं वाक्य काय असावं, तर "डाव्या बॉयलरच्या नळ्या गेल्या आहेत"? मी तुझी बहीण आहे की गोदीतली फिटर? खाली सही नसती तरी तुझंच पत्र म्हणून ओळखलं असतं. लहानपणी तुला ताप आला की तू कपाळ पुढे करायचा नाहीस, शाळेचा बूट पुढे करायचास. बघ ताई, तळ गेलाय.

पत्र तिथल्या खलाशांच्या मिशनच्या पाद्रीबाबांच्या पाकिटातून आलं. त्यांनी सोबत चिठ्ठी जोडली आहे: "आपले बंधू सज्जन आहेत, मात्र स्वतःविषयी बोलत नाहीत." मला सांगतायत!

तुझ्या दोन पानांतून बॉयलर, पंप आणि गंज वजा केल्यावर जे उरलं ते असं. चुकत असेन तर सांग. चौदा महिन्यांपूर्वी मालक पसार झाला. कप्तान आजारी म्हणून उतरला तो बरा झालाच नाही. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या देशांनी एकेक करून नेलं. बंदराच्या नियमाप्रमाणे नांगरलेल्या जहाजावर एक तरी माणूस राखणदार म्हणून कागदावर लागतो, आणि तू "पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे" म्हणून सही ठोकलीस. तुझी खलाशाची पुस्तिका बंदर अधिकाऱ्याने कपाटात ठेवली. आता कुठल्या तरी देशाने "जहाज आमचं, माणूस आमचा" असं लिहून दिल्याशिवाय तुला किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही. किनारा समोर आहे, दुकानांच्या पाट्या वाचता येतात, असं लिहिलं आहेस. अख्ख्या पत्रात स्वतःबद्दल हे एवढंच, तेही पाट्यांबद्दल.

आणि ऑक्टोबरात तिथे वादळं सुरू होतात, नांगराची साखळी झिजून निम्मी झाली आहे, आणि मागच्या बाजूने पाणी येतं ते तू एकटा पंप चालवून काढतोस, हे कुठे लिहिलंस? ताजा कलम म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या जहाजाला तू अजून लाडाने म्हातारी म्हणतोस. माझ्यासाठी ती नोंदवही सात, पान चारशे बारा. बत्तीस वर्षं जहाज नोंदणी कार्यालयात घासली मी, माझ्या हाताखालून शेकडो जहाजं गेली, पण एवढी थिल्लर बाई दुसरी पाहिली नाही. पहिला झेंडा आपल्या जुन्या राज्यकर्त्यांचा, कपाळावर त्यांच्या राणीचं नाव. युद्धात तोफा वाहिल्या, युद्ध संपल्यावर त्याच तोफांचं भंगार वाहिलं. राज्यकर्ते गेले, जाताना जुनी जहाजं आपल्या गळ्यात मारून गेले. आपण राणी पुसून नदीचं नाव लिहिलं आणि बँड वाजवला. तो दुसरा झेंडा. ते पान मी उघडलं, नोकरीतलं माझं पहिलंच. सोळा वर्षं तिने आपलं धान्य, कोळसा आणि सिमेंट वाहिलं. मग इथल्या शहाण्यांना डिझेलची जहाजं हवी झाली आणि वाफेची म्हातारी बेटवाल्यांना विकली. तिसरा झेंडा, नाव मालकाच्या बायकोचं. पुढचं तुझ्याच पत्रातून कळलं. चौथा झेंडा अशा देशाचा, ज्याला समुद्रच नाही, चहूबाजूंनी डोंगर! नाव नव्या मालकाच्या मुलीचं. पाचवा देश कुठे आहे ते बघायला मला वाचनालयात जाऊन नकाशा मागावा लागला. त्यांनी तर रंग वाचवायला जुन्या नावातली पुढची दोन अक्षरं खरवडली आणि उरलं त्यालाच नाव म्हटलं. पाच लग्नं झालेली बाईसुद्धा एवढ्या वेळा नाव बदलत नाही, रे. आणि प्रत्येक वेळी आंदण म्हणून सोबत तू.

बाबांबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस. ते गेल्याचं मी तेव्हा मिशनमार्फत कळवलं होतं, ते पोचलं असं धरते. त्यांनी तुझी पत्रं परत पाठवली याचा राग अजून असेल, तर ते हट्टी होते, तूही हट्टी. जहाज विकलं की उतरेन असं वचन तू दिलं होतंस आणि ते तू मोडलंस. यावर मला जास्त लिहायचं नाही.

उद्या ऑफिसात जाते. पान चारशे बारा काढून "एके काळी आमचं, विकलं अमुक तारखेला" एवढं पत्र घेतलं की पुढच्या तीन देशांची साखळी लागेल आणि कुणी तरी तुझी जबाबदारी घेईल. माझ्या ऑफिसात एवढं व्हायलाच हवं.

ताई

*

२४ जून

धाकट्या,

व्हायला हवं होतं. झालं नाही.

माझ्या जुन्या ऑफिसात वरती नवा साहेब आला आहे. टाय इतका आवळतो की बोलताना मान वळत नाही, सगळा माणूस वळतो. आपला जुना शिपाई मात्र आहे. मला बघून म्हणाला, "बाई, तुम्ही निवृत्त झालात ना?"

"झाले होते," मी म्हटलं.

त्याने वही काढून आणली. साहेबाने पान उघडलं, बोट फिरवलं आणि मिटलं.

"बाई, हे जहाज नाही."

"नाही म्हणजे?"

"अस्तित्वात नाही. पान बंद आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, मोडीत काढले."

"साहेब, माझा भाऊ बसलाय त्याच्यावर."

"कशाच्यावर?"

"जहाजाच्या."

"पण जहाज नाही ना."

"मग गेले चौदा महिने तो काय पाण्यावर मांडी घालून बसलाय?"

शिपायाला खोकला आला.

तुला आमची पद्धत माहीत नसेल म्हणून सांगते. जहाज आपल्या झेंड्याखालून गेलं की त्याचं पान बंद करतात आणि का बंद केलं ते लिहितात. कारणं तीनच. बुडालं, परदेशी विकलं, किंवा मोडीत काढलं, म्हणजे तोडून त्याचं लोखंड केलं. म्हातारीच्या पानावर अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी तिसरं कारण लिहून ठेवलं आहे. मी म्हटलं, नोंद चुकलेली असू शकते. साहेब म्हणाला, "चुकीच्या नोंदी अशा नसतात, बाई. अक्षर बघा किती सुंदर आहे."

अक्षर सुंदर होतं हे खरं. तिरकं, वळणदार, सिस्टर लोकांच्या शाळेत बोटांवर पट्टी खाऊन येतं तसं. शिपायाने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणायला गेला. असो.

म्हणजे आता कसं झालंय बघ. तुझ्या बंदराने पाचव्या देशाला विचारलं, ते म्हणाले आमची नोंदणी तात्पुरती होती, मुदत संपली, चौथ्यांना विचारा. डोंगरवाले म्हणाले बेटवाल्यांकडून घेतलं. बेटवाले म्हणाले तुमच्याकडून घेतलं. आणि आम्ही म्हणतो, आमचं तर तेव्हाच तुटलं. साहेबाचं म्हणणं, बेटवाल्यांनी घेतलं ते दुसरंच काहीतरी जहाज असणार. चार देश गोल उभे राहून एकमेकांकडे बोटं दाखवतायत आणि मधल्या पाण्यात तू.

एक काम कर. मालखान्याच्या दुसऱ्या तोंडाच्या मागे जी मोठी आडवी तुळई आहे तिच्यावर नोंदणीचा क्रमांक लोखंडात कोरलेला असतो. प्रत्येक देश आपला क्रमांक कोरतो, जुना कुणी घासत नाही, तेवढी मेहनत कोण करतो? तिच्यावरचा रंग खरवड, पातळ कागद लाव आणि वरून पेन्सिल घास. उमटेल ते पाठव. हात सांभाळ, गंज लागला तर तिथे इंजेक्शन द्यायलाही कुणी नाही.

साखळीचं काय झालं ते लिही. नळ्यांचं नको.

ताई

*

१८ जुलै

धाकट्या,

कागद आला. पाच आकडे, एकाखाली एक, आणि कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा. दुसरा आकडा आपला. मी तो पहिल्या दिवशी वहीत लिहिला होता, झोपेतून उठवलं तरी सांगेन. कागद ट्रंकेतल्या साडीसारखा घडी न मोडता ऑफिसात नेला.

साहेबाने तो खिडकीशी धरला, उलटा केला, सुलटा केला.

"क्रमांक आपला आहे," म्हणाला.

"मग?"

"पण यावरून तुळई आपली ठरते. जहाज ठरत नाही."

"तुळई जहाजातच असते, साहेब. तिला कुणी काखोटीला मारून फिरत नाही."

"जहाज मोडीत काढलं तेव्हा ही तुळई कुणीतरी भंगारातून घेतली असेल आणि दुसऱ्या जहाजात बसवली असेल."

माणसाने एवढं शिकावं, एवढी स्वच्छ कॉलर घालावी आणि हे बोलावं! मी म्हटलं, "आणि माझा भाऊ? त्यालाही भंगारातून घेऊन दुसऱ्या जहाजात बसवला?"

"त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या पुस्तिकेत शेवटची आपली नोंद या जहाजाची आहे. जहाज मोडलं, म्हणजे ते तेव्हाच उतरले. कागदोपत्री ते अठरा वर्षं किनाऱ्यावरच आहेत, बाई."

"कुठल्या किनाऱ्यावर? पत्ता द्या, मी आत्ता जाऊन भेटते."

"तुम्ही आवाज वाढवू नका."

"वाढवलेला नाहीये. वाढवला की सांगेन."

शेवटी तो जरा नरमला. खुर्चीसकट माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, माझे हात बांधलेले आहेत. ज्याने ही नोंद केली त्याने स्वतः येऊन 'मी चुकीचं लिहिलं' असं प्रतिज्ञेवर सांगितलं, तर पान उघडता येईल. पण अठरा वर्षांपूर्वीचा कारकून कुठून आणणार? असेल नसेल."

शिपाई दारात उभा होता. मला जिन्यापर्यंत सोडायला आला. शेवटच्या पायरीवर म्हणाला, "ऑक्टोबर म्हणालात ना, बाई?"

ताई

*

२० जुलै

धाकट्या,

ती नोंद माझी आहे.

कुणीतरी लिहून ठेवलं असं मागे लिहिलं ते वाचून तू हसलाही असशील. बत्तीस वर्षं त्या वहीला माझ्याखेरीज कुणी हात लावत नव्हतं, हे तुला घरबसल्या पाठ होतं. पण बहुतेक हसला नसशील. तुला माझ्याबद्दल असं काही सुचणारच नाही.

ती चूकही नव्हती. मी ते शांतपणे, टाक पुसून, चांगल्या शाईने लिहिलं.

विक्रीच्या आधी तुझं पत्र आलं होतं. नव्या मालकांकडे वाफेचं काम जाणणारा माणूस नाही, सहा महिने थांबून त्यांच्या लोकांना शिकवतो आणि येतो. बाबा म्हणाले, सहा महिने ना, हरकत नाही, कामाचा माणूस आहे. म्हणजे वचन मोडलंस वगैरे जे मी लिहिलं ते माझं. बाबांनी सूट दिली होती. त्यांना चाललं, मला चाललं नाही. त्यांना अर्धांगवायू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. उठवायचं, पुसायचं, भरवायचं, शेजारणीला किल्ली द्यायची, ऑफिस गाठायचं, आल्यावर पुन्हा तेच. आणि एक गृहस्थ होते, ऑफिसच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर नकाशे काढायचे. ते म्हणाले होते, तुमचा भाऊ आला की तारीख ठरवू. मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नसतंस, तू बूट दाखवला असतास.

माझा हिशेब असा होता. "परदेशी विकले" असा आमचा दाखला असल्याशिवाय दुसरा कुठलाही देश जहाज नोंदवून घेत नाही. मी "मोडीत काढले" लिहिलं की बेटवाले दाखला नाकारतील, जहाज गोदीत अडकेल, आठ-दहा दिवस घोळ चालेल, तेवढ्यात तू कंटाळून उतरशील, आणि मग मी म्हणेन, अगबाई, हात चुकला, आणि दुरुस्त करेन. शाळेत एवढं शिकवलं होतं सिस्टरांनी, पण एक गोष्ट शिकवायची राहिली, की बाहेरचं जग दाखले मागत नाही. बेटवाल्यांच्या वकिलाने हॉटेलच्या खोलीत बसून एका दुपारी नोंदणी केली. आमचा दाखला कुणी विचारलाच नाही. म्हातारी भोंगा वाजवून निघून गेली, तुला घेऊन.

इथपर्यंत ते फक्त आगाऊपणाचं होतं. पुढचं ऐक.

बंद झालेल्या पानांची यादी सरकारी सूचनांमध्ये छापून येते, आणि तुला आठवतंय, बाबा वर्तमानपत्रातल्या सूचनासुद्धा वाचायचे. अंथरुणाला खिळल्यापासून तर जास्तच. दोन महिन्यांनी एका सकाळी मी त्यांची उशी सरळ करत होते. म्हणाले, "जहाज मोडलं म्हणतायत."

मी उशी पुन्हा झटकली.

"मग हा कुठून लिहितो? परवाच्या पत्रावर जहाजाचाच पत्ता आहे."

"असेल काहीतरी, बाबा."

"असेल काय? तुझ्या वहीत काय आहे?"

मी म्हटलं, "वहीत मोडीत काढलं असंच आहे."

बघ, मी खोटं बोलले नाही. वहीत तसंच होतं.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "म्हणजे कुठेतरी जमिनीवर आहे. यायचं नाही म्हणून जहाज सांगतो. तोंडावर सांगितलं असतं तर चाललं असतं मला." त्यांनी त्या दिवसापासून तुझं एकही पत्र उघडू दिलं नाही. त्यांचा हात चालत नव्हता, पाकिटावर "परत" मी लिहायचे. तू अक्षर ओळखलं असशील. तुला वाटलं असेल, बाबा रागावलेत, ताई बिचारी लिहिते.

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती आणि घर त्या नोकरीवर चालत होतं. हे कारण खरं आहे, पण ते दुसरं. पहिलं असं की बाबा तुझ्यावर रागावले तेव्हा मला बरं वाटलं. इतकी वर्षं घरात मी आणि त्यांच्या तोंडी नाव तुझं. आठवडाभर बरं वाटलं असेल. नंतर नाही. पण तोवर मी दोन पाकिटं परत पाठवली होती, आणि तिसरं उघडायचं तर पहिल्या दोन्हींचं सांगावं लागलं असतं.

नकाशेवाल्यांनी दुसरीकडे तारीख ठरवली. बाबा चार वर्षांनी गेले. तुझ्याबद्दल वाईट बोलत गेले नाहीत. काहीच बोलत गेले नाहीत.

उद्या प्रतिज्ञापत्र लिहून देते. तुला आधी सांगायचं होतं, साहेबाला नंतर.

ताई

*

१२ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण इकडे काय झालं ते तुला कळायला हवं, कारण ते तुझ्या मानेवर बसणार होतं.

प्रतिज्ञापत्र दिलं. साहेबाने दोनदा वाचलं. "बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर बघा किती सुंदर आहे."

"तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"करा. निवृत्त माणसाला काय कराल, परत कामावर घ्याल?"

कागद कायदा खात्यात गेला. तीन आठवडे मी रोज दहा वाजता त्या बाकावर जाऊन बसले. माझी जुनी पिशवी, माझा चष्मा, माझा चेहरा. नवीन मुली मला टाळून जिन्याने जायला लागल्या. काल साहेबाने आत बोलावलं. चेहरा बघण्यासारखा होता.

"नोंद खोटी, म्हणून रद्द," म्हणाला. "नोंद रद्द, म्हणून पान उघडं. पान कधी बंदच झालं नाही असं समजायचं. आणि पान उघडं, म्हणून…"

"बोला, साहेब."

"म्हणून जहाज आपलं."

"कधीपासून?"

"गेलंच नव्हतं."

घे! बेटवाल्यांची बायको, डोंगरवाल्यांची मुलगी, खरवडलेली दोन अक्षरं, सगळं वाऱ्यावर. अठरा वर्षं म्हातारीने तीन माहेरं सांगितली आणि कायद्याने ती आपल्याच घरात बसलेली. मी हसले, तो हसला नाही. म्हणाला, "आता जहाज सरकारी मालकीचं असल्यामुळे तिथे राखणदार नेमणं आपल्याला भाग आहे. तुमचे बंधू तिथे आहेतच. अनुभवी आहेत. त्यांचीच नेमणूक कायम करतो. सरकारी पद आहे, बाई. अभिनंदन."

तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हे. अठरा वर्षांचं पाप मी चव्हाट्यावर मांडलं, ते तुला बुडत्या जहाजावर सरकारी शिक्क्याने खिळवायला?

त्या वेळी मी आवाज वाढवला. आणि त्याला तसं सांगितलंही, की साहेब, आता वाढवते आहे.

मी म्हटलं, "नियम तुम्हाला येत नसतील तर मी सांगते. मी ते तुमच्या जन्माआधीपासून पाठ केलेत. हे जहाज आज तुमच्या कार्यालयाच्या नावावर आहे. ऑक्टोबरात साखळी तुटून ते परक्या बंदराच्या तोंडाशी बुडालं, तर ते बंदर कुणाला जाब विचारेल? पाचव्या देशाला? आता नाही. तुम्हाला. नावाने. यातून सुटायचं तर पान बंद करावं लागेल, या वेळी खरं कारण लिहून. आणि जोवर जहाजावर एकही माणूस हजेरीपटावर आहे तोवर पान बंद करता येत नाही. आधी शेवटचा माणूस उतरवायचा, त्याला घरी पोचवायचा, मग पान. हा क्रम आहे. तुम्ही माझ्या भावाला नेमा, हवं तर हार घालून नेमा. जहाज तुमच्या गळ्यात राहील."

त्याने टाय सैल केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान एकटी वळली, घड्याळाकडे. मग नियमांचं पुस्तक मागवलं. शिपायाने पान आधीच उघडून आणलं होतं.

तुला मुक्त करण्याचा हुकूम आज दुपारी सही होऊन गेला. बंदर अधिकाऱ्याला तार गेली आहे. त्यांचा माणूस ताबा घेईल, तू उतरशील.

पंप कसा चालवायचा ते त्या माणसाला एका दिवसात शिकव. एका दिवसात. सहा महिने नाहीत.

ताई

*

२ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "ताई, पत्र मिळालं. वीस तारखेच्या बोटीत जागा दिली आहे. पंप अजून चालू आहे. बाबांनी एकही पत्र उघडलं होतं का ते कळव."

तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मला उत्तर देता आलं असतं. शिव्यांना उत्तर देण्यात मी कुणाला हार गेलेली नाही. हे मात्र जड गेलं.

उघडली होती. विक्रीनंतरची पहिली तीन. तिसऱ्यात तू लिहिलं होतंस, की नव्या लोकांपैकी एकाला आता काटा न बघता नुसत्या आवाजावरून वाफेचा दाब ओळखता येतो, अजून दोघे तयार झाले की मी मोकळा. ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. शेजारीण आली तेव्हा तिला सांगितलं, "आमचा तिथे मास्तर झालाय." त्यानंतरच्या आठवड्यात ती यादी छापून आली. पुढची अकरा मी परत पाठवली. तीन आणि अकरा. तुला जे सांगायचं ते एवढंच आहे आणि ते बदलत नाही.

तू माफ कर म्हणून मी हे लिहीत नाही. तसं काही लिहून पाठवलंस तर मला राग येईल, कारण ते तू विषय मिटवायला लिहिशील, आणि हा विषय असा मिटवण्यातला नाही. रागव. पण समोर रागव. मला भांडायची सवय आहे, पत्रात मजा येत नाही.

आता शेवटचं काम. साहेबाने काल आणखी एक कागद काढला, त्यांच्याकडे तो संपत नाही. तुझ्या पुस्तिकेतला फोटो चौतिसाव्या वर्षीचा आहे आणि पुस्तिकेची मुदत कधीच गेली. तेव्हा बोट लागल्यावर तुला तसाच सोडणार नाहीत. बंदराच्या कचेरीत नात्यातल्या माणसाने हजर राहायचं आणि उतरलेल्या माणसाने त्याची ओळख तोंडाने सांगायची. दोघांच्या सह्या, मग फाटक. मी माझं नाव दिलं आहे. दुसरं कुणाचं देणार? नात्यात आपण दोघंच उरलोय.

लांब टेबल असतं. अलीकडे तू, पलीकडे मी, मध्ये कारकून. मी आता पांढरी झाले आहे, चष्मा जाड आहे, एका पायाने जरा ओढून चालते, तेव्हा शोधताना गोंधळू नकोस. कारकून माझ्याकडे बोट दाखवून विचारेल, "ही तुमची कोण?"

एवढं एकदा मोठ्याने सांग. खालच्या मानेने नको, ते लोक ऐकू आलं नाही म्हणून दिवसभर बसवून ठेवतात. एकदा म्हण, सही कर. फाटकाबाहेर रस्ता दोन्ही बाजूंना जातो. घर डावीकडे आहे, तुला माहीत आहे. तू उजवीकडे वळलास तरी मी मागून हाक मारणार नाही.

ताई